बंदीची बातमी आली की होमस्टेवाल्याने काय बघायचं

गोव्यातल्या मोरजी, मांद्रे, हरमल या पट्ट्यात खोल्या भाड्याने देणाऱ्यांची चौकशी इन्स्टाग्रामवर येते, आरक्षण बुकिंग साइटवर होतं आणि पाहुणा दारापर्यंत गूगल मॅप्सने पोचतो. यातलं काहीही आपलं नाही. यातलं एखादं कुठल्याशा सरकारने बंद केलं की पहिला प्रश्न एकच, परत कधी सुरू होणार? त्याचं उत्तर बंदीच्या कारणात असतं, म्हणून आधी कारण ओळखा.

त्यासाठी व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर सोडा आणि केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचं निवेदन उघडा. त्यात 'माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ६९अ' आणि जोडीला सार्वभौमत्व, अखंडता, संरक्षण हे शब्द दिसले, तर ती सुरक्षेची बंदी. गलवानमध्ये चीनशी चकमक झाली १५ जून २०२० ला आणि ५९ चिनी ॲप्स बंद झाली २९ जूनला. सप्टेंबरात आणखी ११८ गेली, पबजी मोबाइल त्यातच. कारण सरळ आहे: ज्या देशाशी सीमेवर भांडण, त्याच्या कायद्याला बांधलेल्या कंपनीकडे आपल्या लोकांचे नंबर, फोटो, ठावठिकाणा कशाला? चीनचा २०१७ चा गुप्तवार्ता कायदा तिथल्या कंपन्यांना सरकारला साहाय्य करायला लावतो, त्यामुळे कंपनीने दिलेल्या शब्दाला फारशी किंमत उरत नाही. अशी बंदी पूर्वसूचना न देता येते आणि सहसा उठत नाही. त्या ५९ मधल्या टिकटॉकला पाच वर्षं उलटून गेली. त्यामुळे वाट बघू नका, त्याच दिवशी पर्याय उभा करा.

२९ जूनच्या यादीत कॅमस्कॅनरही होतं. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते (आधीचा सी-फॉर्म) आणि त्यासाठी पासपोर्ट स्कॅन करायला असलीच ॲप्स हाताशी असतात. ॲप बंद पडलं की पानं त्याच्या क्लाउडवर अडकतात, आणि ती पानं आपली नसून पाहुण्याची असतात. त्यापेक्षा फोनच्या कॅमेऱ्याने उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढा. पासपोर्टच्या तळाच्या, बाणासारख्या खुणांच्या दोन ओळी पूर्ण यायला हव्यात, त्या कापल्या गेल्या की फोटो वाया. फाइलला तारीख आणि आडनाव द्या, घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि गॅलरीतून लगेच पुसा. गूगल ड्राइव्हही परदेशीच, एवढं लक्षात असू द्या.

दुसरी तऱ्हा माहिती देशात ठेवण्याच्या सक्तीची. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने पेमेंटची माहिती भारतातच साठवायला सांगितलं आणि सहा महिने दिले. सर्व्हर परदेशात असला की तपासाला गेलेल्या यंत्रणेला तिथल्या कायद्याच्या दारात उभं राहावं लागतं, हे त्यामागचं कारण. मास्टरकार्डला २२ जुलै २०२१ पासून नवे ग्राहक घ्यायला मनाई झाली, ती जून २०२२ मध्ये उठली. जुनी कार्डं या काळात चालूच होती. तेव्हा आदेशात 'नवे ग्राहक' असे शब्द असतील तर घाबरून स्वाइप मशीन परत करू नका. कंपनीने ऐकलं की अशी बंदी सुटते, नाही ऐकलं तर राहते. लिंक्डइनने रशियात ऐकलं नाही, २०१६ पासून ते तिथे बंदच आहे.

तिसरं कारण पोटाचं, म्हणजे स्थानिक धंद्याचा बचाव. देशपातळीवर ई-कॉमर्समधल्या परदेशी गुंतवणुकीच्या अटी बघा: परदेशी भांडवलाच्या कंपनीने बाजारपेठ चालवावी, स्वतःचा माल तिथे विकू नये. आपल्याकडे हे समजायला टॅक्सी पुरे. स्थानिक टॅक्सीवाल्यांच्या विरोधामुळे उबरचं इथे बस्तान बसलं नाही, २०१८ मध्ये पर्यटन महामंडळाच्या पाठबळावर गोवामाइल्स हे टॅक्सीचं ॲप आलं आणि त्यालाही विरोध झाला. इथे डेटा-बिटाचा संबंध नाही, मतपेटीचा आहे. करायचं एवढंच: आरक्षण पक्कं झाल्याच्या संदेशात 'इथे उबर नाही, मोपा विमानतळावर प्रीपेड टॅक्सीचा काउंटर बघा' ही ओळ घाला. नाहीतर रात्री दोनला फोन ठरलेला.

चौथं कारण म्हणजे लोकांनी काय बोलावं, काय बघावं यावरचा ताबा. चीनने उरुम्चीतल्या दंगलीनंतर जुलै २००९ मध्ये फेसबुक बंद केलं. रशियाने युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर मार्च २०२२ मध्ये इन्स्टाग्राम. त्याच महिन्यात व्हिसा, मास्टरकार्ड, एअरबीएनबी आणि बुकिंग डॉट कॉम यांनी आपणहून रशियातलं काम थांबवलं. दोन्ही बाजूंनी दार बंद, आणि मधे अडकला रशियन पाहुणे ठेवणारा मोरजीचा घरमालक. रशियात काढलेलं व्हिसा कार्ड इथल्या मशीनवर नाकारलं जातं ते त्यामुळे. मशीनला शिव्या देऊ नका, पैसे कसे देणार ते आरक्षणाच्या वेळीच विचारा. रूबल किंवा डॉलर स्वतः घेऊ नका, त्याला परवाना लागतो. पाहुण्याला अधिकृत मनी चेंजरकडे पाठवा आणि पावती जपून ठेवायला सांगा. ऑगस्ट २०२५ मध्ये रशियात व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या कॉलवरही निर्बंध आले. म्हणून प्रत्येक रशियन पाहुण्याचा ईमेल घ्याच.

बंद ॲप व्हीपीएनवरून, म्हणजे आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवून, चालवायचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. धंद्यासाठी तो घेऊ नका. ज्या खात्यावर गिऱ्हाईक अवलंबून आहे, ते रोज आडवाटेने उघडावं लागणं म्हणजे खातं नसल्यासारखंच.

खरी तयारी चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की, सीझन सुरू व्हायच्या आत करायची. स्वतःच्या नावावर डॉट इन डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घ्या, भाच्याच्या किंवा वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर नको. घोळ नेमका इथेच होतो, कारण नूतनीकरणाचा ईमेल त्यांच्याकडे जातो आणि डोमेन सुटतं. इन्स्टाग्रामच्या अकाउंट्स सेंटरमधून आपली माहिती उतरवून घ्या. तारखांत 'सर्व काळ' निवडा, नाहीतर जुने फोटो येत नाहीत. डाउनलोडची लिंक थोडेच दिवस चालते, आली की लगेच उतरवा. आजवरच्या पाहुण्यांचं नाव, देश, ईमेल आणि आले ती तारीख एका एक्सेल फाइलमध्ये भरा.

मग एक आठवडा येणाऱ्या प्रत्येक चौकशीपुढे वहीत लिहा, कुठून आली. सातव्या दिवशी एकाच ॲपचं नाव अर्ध्याहून जास्त वेळा दिसलं, तर पुढच्या महिन्याची जाहिरात दुसरीकडे करा.