जुन्या टर्बो गाडीचे घरगुती ट्यूनिंग: या चुका टाळा

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला निघावे आणि जुनी टर्बो गाडी पूर्वीच्या जोमाने ओढत नाही असे जाणवावे, की मालकाच्या मनात पहिला विचार रिमॅपचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवण्याचा, येतो. माझ्या जुन्या ऑक्टाव्हिया आरएसच्या बाबतीत मीही तेच केले. १.८ लिटरच्या त्या इंजिनाची मूळ ताकद १५० अश्वशक्ती. वयोमानाने ते तेवढीही देत नव्हते आणि मी त्याच्याकडे १८० मागत होतो. पंधरा दिवसांनी पुण्याहून परतताना खंबाटकीच्या चढावर इंजिनाचा दिवा लागला, बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा जादा दाब) गेला आणि उसाच्या ट्रॉलीमागे रांगत वर यावे लागले. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरजवळचा रबरी पाइप खालच्या बाजूने बोटभर चिरलेला निघाला. ती चीर रिमॅपच्या आधीपासून तिथेच असणार. मी वाकून पाहिले नव्हते, एवढेच.

गळती न शोधता बूस्ट वाढवणे ही सर्वांत महागडी चूक आहे. एअर फिल्टरनंतरचा सेन्सर आत गेलेली हवा मोजतो आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) त्या हिशेबाने पेट्रोल सोडते. मोजलेली हवा टर्बोनंतरच्या चिरेतून बाहेर पडली, तर पेट्रोल जास्त होते, प्लग काळे पडतात, सायलेन्सरमधून काळा धूर येतो आणि कमी पडलेला दाब भरून काढण्यासाठी टर्बो गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरत राहतो. इनटेक मॅनिफोल्डजवळचा ब्रीदर (इंजिनाच्या पोटातली वाफ परत नेणारा) पाइप किंवा व्हॅक्यूमची नळी तडकली, तर आयडलला उलट घडते: न मोजलेली हवा आत ओढली जाते आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. स्कॅनरवर दिसणारा पी०२९९ हा दोषाचा कोड बूस्ट कमी असल्याचे सांगतो आणि पी०१७१ हा मिश्रण पातळ असल्याचे. दोन्हींत टर्बो किंवा सेन्सर बदलण्याची घाई करू नये.

गळती शोधण्याचे साधन घरी बनते. टर्बोच्या हवा घेणाऱ्या तोंडावर घट्ट बसेल असे पीव्हीसीचे टोपण घ्यावे, त्याला भोक पाडून पंक्चरवाल्याकडून आणलेला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवावा, क्लिप आवळावी आणि पायपंपाने अर्धा बार दाब भरावा. मग प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी टाकून बुडबुडे पाहावेत. पाइपच्या खालच्या बाजूला आरसा धरावा, कारण तेल झिरपून रबर तिथेच आधी कुजते. टोपण टर्बोच्या तोंडावरच लावावे, अलीकडच्या पाइपवर नव्हे. अलीकडच्या पाइपवर लावले तर ब्रीदरमधून दाब क्रँककेसमध्ये जाऊन ऑइल सील उचकटू शकते. दुकानातला आठ बारचा कॉम्प्रेसर रेग्युलेटरशिवाय जोडू नये आणि दाब असताना टोपणासमोर तोंड नेऊ नये. ऑइल फिलरमधून येणारा हलका फुसफुस आवाज पिस्टन रिंगांतून झिरपणाऱ्या हवेचा असतो; त्यामागे दिवसभर धावण्याची गरज नाही.

पाइप धड झाल्यावर लॅपटॉप उघडावा. व्हीसीडीएस या गाडी तपासण्याच्या सॉफ्टवेअरच्या ११५ क्रमांकाच्या गटात ईसीयूने मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब दिसतो, ०२० मध्ये प्रत्येक सिलिंडरची ठिणगीची वेळ (इग्निशन) किती मागे घेतली ते, आणि ०३२ मध्ये इंधनाची दुरुस्ती, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के कमी-जास्त पेट्रोल सोडते ते. आधी इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवावी. साताऱ्यात सेन्सरने साधारण ९३० मिलिबार दाखवावेत, सांगलीत ९५०, महाबळेश्वरला ८६०. इथे १००० दिसले तर सेन्सरवरच संशय घ्यावा. समुद्रसपाटीला बसवलेल्या मॅपने १५०० मिलिबार मागितले, की साताऱ्यात टर्बोला हवा १.६ पट दाबावी लागते आणि महाबळेश्वरला १.७४ पट, त्यामुळे मुंबईतल्या मित्राचा मॅप उचलून आपल्या घाटात चालवणे म्हणजे टर्बोचे आयुष्य खर्ची घालणे आहे.

०३२ वाचताना आणखी एक गल्लत होते. आपल्याच भागातल्या उसाचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. शुद्ध पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५ पट, म्हणून शुद्ध पेट्रोलसाठी बेतलेल्या जुन्या ईसीयूत सात-आठ टक्के अधिक दुरुस्ती दिसली, तरी इंजिन निरोगी असू शकते. इंधनामुळे पडलेला फरक मुख्यतः भाराखालच्या आकड्यात उतरतो; आयडलचा आकडाच वर गेला असेल तर नळ्या पुन्हा तपासाव्यात. जुन्या रबरी इंधननळ्या मात्र इथेनॉल सोसणाऱ्या घालून घ्याव्यात.

टर्बोचा उरलेला दाब बाहेर हवेत सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह आवाजासाठी लावला जातो, पण हवा मोजणाऱ्या गाडीत मोजलेली हवाच बाहेर सोडल्यामुळे गिअर बदलताना मिश्रणात पेट्रोल जास्त होते आणि इंजिन गचके खाते. उघडा फिल्टर बॉनेटमधली गरम हवा ओढतो. मे महिन्यात सांगलीच्या उन्हात त्याने ताकद वाढत नाही, घटते. स्प्रिंगचा बूस्ट कंट्रोलर ईसीयूच्या नकळत दाब वाढवतो आणि पी०२३४ हा बूस्ट जास्त झाल्याचा कोड आणतो. माझ्या मते तो विकतच घेऊ नये. बूस्ट वाढवल्यावर प्लगची फट ०.७ मिलिमीटरच्या आसपास ठेवावी, अन्यथा दाबाखाली ठिणगी विझते आणि दोष कॉइलच्या माथी मारला जातो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढण्याच्या भानगडीत पडू नये. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

निळा धूर दिसताच टर्बो बदलणारेही पुष्कळ आहेत. टर्बोतून सम्पकडे (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीकडे) तेल केवळ उतारावर वाहते. परतीचा पाइप काजळीने अर्धा बुजला, की तेल सील ओलांडून बाहेर पडते आणि नवा टर्बोही महिन्याभरात तसाच धूर टाकू लागतो. तो पाइप आणि वरचा बारीक पुरवठ्याचा पाइप आधी काढून, धुऊन, आरपार उजेड दिसतो का ते पाहावे, आणि मगच जुन्या टर्बोची दांडी बोटांनी हलवून खेळ किती आहे ते तपासावे.