पडीक मध्ययुगीन चर्च वाचवताना या चुका टाळा

इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातल्या हाउटन-ऑन-द-हिलचे सेंट मेरी चर्च 1992 मध्ये बॉब डेव्ही यांनी हाती घेतले, तेव्हा त्याला छप्पर उरले नव्हते आणि भिंती आयव्हीच्या वेलाने गिळल्या होत्या. पुढे प्लास्टरच्या थरांखाली 1090 च्या सुमाराची भित्तिचित्रे निघाली. ‘भिंती खरवडून नवे प्लास्टर करू’ म्हणणारा कुणी आधी पोचला असता, तर ती डबरासोबत गेली असती. अशा चर्चला पावसाइतकाच घाईतल्या उत्साहाचा धोका असतो.

पहिली चूक सिमेंटची. आणि सगळ्यात महागाची. त्या भागातल्या भिंती चकमकीच्या दगडांच्या. चकमक पाणी शोषत नाही, त्यामुळे भिंतीतली ओल बाहेर पडते ती सांध्यातल्या चुन्यातूनच. तिथे सिमेंट भरले की वाट बुजली. ओल आतल्या बाजूला फुटते, पांढरे क्षार दिसतात, प्लास्टर पोपडे धरते. मऊ दगडाची भिंत असेल तर दगड झिजून आत जातो आणि सिमेंटच्या रेघा तेवढ्या बाहेर राहतात. हे दिसले की ओळखा. सिमेंट हाताने, छिन्नीने काढा. ग्राइंडरने दगडाच्या कडा जातात. मग चुन्याचा गारा भरा, ओले गोणपाट टांगून हळू वाळू द्या. हिवाळ्यात हे काम नको, ताजा चुना गोठला की भुगा होतो. (आपल्याकडे गडकोटांच्या डागडुजीतही सिमेंटचा मोह सुटत नाही, पण तो वेगळा विषय.)

भिंत ओली दिसली की लोक लगेच पाया खणायला धावतात. खणू नका! आवारात शतकानुशतकांची दफने आहेत. आधी भर पावसात छत्री घेऊन बाहेर उभे राहा आणि पन्हळीतले पाणी कुठे पडते ते बघा. पुष्कळदा पाने नि कबुतरांची विष्ठा साफ केली की निम्मे दुखणे कळते.

हिरवी आयव्ही ओढू नका, तिच्यासोबत दगड निघतात. बुंधा कापा, वेल पूर्ण वाळू द्या, मगच सोडवा.

चित्रांना चमक आणायला काहीही फासू नका. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या अनेक चर्चमधल्या चित्रांवर मेण चढवले गेले. ओल आत कोंडली, रंग काळवंडला.

आणि परवानगी. चर्च ऑफ इंग्लंडच्या ताब्यातल्या इमारतीला ‘फॅकल्टी’, म्हणजे चर्चचीच अधिकृत परवानगी, लागते. वटवाघळे तर कायद्याने संरक्षित. छपराला हात लावण्याआधी तज्ज्ञाकडून पाहणी करून घ्या. चुन्याला थंडी चालत नाही आणि वटवाघळांची पिल्ले नेमकी उन्हाळ्यातच असतात, म्हणून भिंती नि छपराचे वेळापत्रक सुरुवातीलाच वेगळे आखा.