गोल जाळ्यातला कोळी ओळखताना या चुका टाळा

खिडकीच्या चौकटीत, सज्ज्याखाली किंवा बाहेरच्या दिव्याशेजारी मोठे गोल जाळे दिसले की त्यातला फुगीर पोटाचा तपकिरी कोळी विषारीच असणार, असे गृहीत धरले जाते आणि थोड्याच वेळात त्याच्यावर झाडू फिरतो. प्रत्यक्षात तो बहुधा चक्राकार जाळे विणणाऱ्या अ‍ॅरेनिडी कुळातला असतो. या कुळात ३,००० पेक्षा अधिक जाती आहेत आणि इमारतींच्या आसपास नेहमी आढळणाऱ्या त्यांच्या जातींपासून माणसाला धोका नाही. ओळख चुकते म्हणून हे कोळी मारले जातात, आणि ही चूक टाळणे अवघड नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे रंगावरून निवाडा करणे. एकाच जातीतला एक कोळी फिकट पिवळसर, तर दुसरा जवळजवळ काळा असू शकतो. अंडी घालण्याच्या बेतात आलेल्या मादीचे पोट इतके तट्ट फुगते की काही आठवड्यांपूर्वी पाहिलेला कोळी तो हाच, हे पटत नाही. नर तर मादीपेक्षा बराच लहान आणि सडपातळ असतो, त्यामुळे तो वेगळ्याच जातीचा वाटतो.

म्हणून आधी जाळे पाहावे, कोळी नंतर. मध्यबिंदूपासून निघालेले सरळ आरे आणि त्यांवर फिरत गेलेला चिकट धाग्याचा सर्पिल, अशी मांडणी असेल तर निम्मे काम झाले. ज्यांच्याबद्दल खरोखर सावध राहावे त्या विषारी विधवा कोळ्यांचे (इंग्रजीत विडो स्पायडर) जाळे असे नसते. ते कोपऱ्यात, बहुधा जमिनीलगत, वेडेवाकडे गुंतलेले असते आणि त्याचे धागे हाताला विलक्षण चिवट लागतात. तपकिरी विधवा ही जात इमारतींवरही राहते आणि रंगाने पुष्कळदा फसवते, पण तिचे पोट गुळगुळीत गोलसर असते आणि पोटाखाली नारिंगी किंवा लाल डमरूसारखी खूण असते. चक्राकार जाळेवाल्यांच्या पायांवर जाड काटे आणि अंगावर केस सहज दिसतात. नेओस्कोना या नेहमीच्या प्रजातीत पोटाखालच्या काळपट पट्ट्याला लागून पांढरे ठिपके असतात. घाबरलेल्या नजरेला तेच धोक्याची खूण वाटतात.

दुसरी चूक केवळ दिवसा पाहण्याची. यांतील अनेक कोळी दिवसभर जवळच्या फटीत किंवा पानाच्या घडीत दडून बसतात आणि एक पाय जाळ्याशी जोडलेल्या धाग्यावर ठेवून कंप टिपतात. जाळे रिकामे दिसले म्हणून ते सोडून दिलेले आहे, असे समजू नये. खिडक्यांच्या चौकटीत राहणाऱ्या झिजिएला या कोळ्याच्या जाळ्यात वरच्या बाजूची एक फाकच गायब असते. ते जाळे तुटलेले नसते. त्या मोकळ्या जागेतून त्याचा संदेशाचा धागा थेट लपण्याच्या जागेपर्यंत जातो, आणि ही फाक हीच त्याची उत्तम ओळख आहे.

शक्य असेल तर एखाद्या संध्याकाळी विजेरी तिरपी धरून जाळे विणले जाताना अवश्य पाहावे. आरे ताणून झाल्यावर कोळी आधी आतून बाहेर एक विरळ, कोरडा सर्पिल टाकतो, आणि मग बाहेरून आत येताना पायांनी अंतर मोजत चिकट धागा लावत जातो, त्याच वेळी आधीचा तात्पुरता धागा कापत जातो. अनेक जाती जुने जाळे खाऊन टाकून रोज नवे विणतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की कोपऱ्यातल्या धुळकट कोळिष्टकाशी त्याची गल्लत पुन्हा होत नाही.

फोटोवरून ओळख विचारताना फक्त पाठीचा फोटो पाठवणे ही तिसरी चूक. पोटाची खालची बाजू, जाळे आणि शेजारी मापासाठी एखादी वस्तू, एवढे तरी असावे. नेमकी जात ठरवायला बहुधा सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना पाहावी लागते. पण निरुपद्रवी आहे की नाही, एवढेच हवे असेल तर कूळ कळणे पुरेसे आहे.

सकाळी उठल्यावर अंगावर दिसलेल्या पुरळाचा दोषही याच कोळ्यावर टाकू नये. तो जाळे सोडून अंथरुणात येणारा प्राणी नाही. हातात दाबला गेला तरच तो चावतो आणि तेव्हाही बहुधा थोडी वेदना व सूज एवढेच होते. सूज पसरत असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर मात्र कोळ्याच्या ओळखीत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे.

जाळे ये-जा करण्याच्या वाटेत असेल तर कीटकनाशक फवारण्याची गरज नाही. कोळ्यावर पेला उपडा ठेवून खालून जाड कागद सरकवावा आणि त्याला थोड्या अंतरावरच्या झुडपात सोडावे. तो दिव्याकडे येणाऱ्या किड्यांसाठी तिथे राहतो, तेव्हा बाहेरचा दिवा रात्री बंद ठेवला तर त्याच जागी नवे जाळे विणले जाण्याची शक्यता कमी होते.