टोर्नेडो वॉच लागला की घरात काय काय करायचं

अमेरिकेत ओक्लाहोमा, कॅन्सस, उत्तर टेक्सास या पट्ट्यात एप्रिल ते जून हे टोर्नेडोचे, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या वाऱ्याच्या भोवऱ्याचे महिने. मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा येते, पश्चिमेकडून कोरडी, आणि वरच्या थरात वारे जोरात असले की दुपारनंतर ढग भराभर उंच चढतात. नेमके याच दिवसांत आई-बाबा भारतातून मुक्कामाला आलेले असतात, तेव्हा तयारी त्यांच्यासकट करा.

सकाळी स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा (ओक्लाहोमातल्या नॉर्मनचं सरकारी वादळ-अंदाज केंद्र) नकाशा बघा. त्यात धोक्याच्या पाच चढत्या पायऱ्या असतात: मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट आणि हाय. स्लाइट दुसरी पायरी, पण तिच्यातही टोर्नेडो होऊ शकतो. नकाशा सकाळी साडेअकरा आणि दुपारी तीनच्या सुमाराला पुन्हा येतो. चित्र पालटलं असेल तर ते तिथे दिसतं.

वॉच म्हणजे टोर्नेडो होण्याजोगं वातावरण तयार आहे. तो बऱ्याच काउंट्यांना (म्हणजे जिल्ह्यांना) मिळून काही तासांसाठी असतो. वॉर्निंग म्हणजे रडारवर फिरकी दिसली किंवा कोणी टोर्नेडो प्रत्यक्ष पाहिला. तिथून हातात मोजकी मिनिटं उरतात. म्हणून बूट, औषधं, पासपोर्ट, फोन चार्ज करणं, हे सगळं वॉचमध्येच उरका. वॉर्निंग आली की फक्त आत जायचं. गच्चीत उभं राहून व्हिडिओ काढणारे मराठीतही कमी नाहीत.

फोनवर विसंबू नका. पाहुण्यांच्या भारतीय सिमवर इशारा येईलच असं नाही. शहरातले इशाऱ्याचे भोंगे घराबाहेरच्या माणसांसाठी असतात, एसी चालू असलेल्या बेडरूममध्ये रात्री ते ऐकू येत नाहीत. (ओक्लाहोमा सिटीत शनिवारी दुपारी बाराला भोंग्यांची चाचणी होते, आजीला आधीच सांगून ठेवा.) वेदर रेडिओ (हवामानाचा इशारा आला की आपोआप वाजणारा) घ्या, तोही काउंटीचा कोड टाकता येणारा. ओक्लाहोमा काउंटीचा कोड ०४०१०९, डॅलस काउंटीचा ०४८११३. कोड न टाकता ठेवला तर रेडिओ आसपासच्या सगळ्या काउंट्यांसाठी बोंबलतो, मग कुणीतरी वैतागून तो बंद करतं आणि नेमक्या रात्री तो गप्प असतो. मोसमाच्या सुरुवातीला सेल बदला आणि रेडिओ झोपायच्या खोलीत ठेवा.

जागा आजच ठरवा. इथली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची, वर ड्रायवॉल (जिप्समचे पातळ तक्ते). आपल्याकडच्या स्लॅबच्या घराचा भरवसा इथे धरू नका. बेसमेंट असेल तर तिथे जा. नसेल तर तळमजल्यावर, मध्यभागी, खिडकी नसलेली लहान खोली: क्लॉझेट, बाथरूम किंवा जिन्याखालची जागा. बाहेर आणि तुमच्यात जितक्या जास्त भिंती तितकं बरं. माणसं जास्त करून उडत्या वस्तूंनी जखमी होतात, म्हणून डोक्यावर हेल्मेट हवं. सायकलचं किंवा क्रिकेटचंही चालेल. पायात बूट, गळ्यात शिट्टी, अंगावर गादी किंवा जाड रजई. खिडक्या उघडून हवेचा दाब सारखा करायचा हा सल्ला चुकीचा आहे. खिडक्या आणि गॅरेजचं दार बंदच ठेवा; गॅरेजचं दार फाटून वारा आत शिरला की छताला खालून रेटा बसतो.

तिसऱ्या मजल्यावरचं अपार्टमेंट असेल तर तळमजल्यावरच्या शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा. मोबाइल होममध्ये (कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेल्या हलक्या घरात) राहत असाल तर वॉर्निंगची वाट पाहू नका, वॉचमध्येच निघा. गॅरेजच्या फरशीखाली शेल्टर असेल तर झाकण ज्या पट्टीत सरकतं तिच्यातली माती झाडा, आत पहार ठेवा आणि शहराकडे नोंद करता येत असेल तर करा, म्हणजे ढिगारा पडलाच तर कुठे शोधायचं ते बचाव पथकाला कळेल.

गाडीत असाल तर जवळची पक्की इमारत गाठा. पुलाखाली थांबू नका. तिथे वारा जास्त जोरात घुसतो आणि सोबत मोडतोड आणतो. ओक्लाहोमात ३ मे १९९९ ला पुलांखाली आसरा घेतलेली माणसं दगावली. ३१ मे २०१३ ला एल रेनोचा टोर्नेडो २.६ मैल रुंद होता, आणि त्या संध्याकाळी गाडीने पळायला निघालेल्या लोकांमुळे ओक्लाहोमा सिटीभोवतीचे हायवे तुंबले होते.

वादळ गेल्यावर बाहेर पडताना गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, काडी ओढू नका, आधी लांब जा. लोंबणाऱ्या तारांपासून दूर राहा. जनरेटर गॅरेजमध्ये लावू नका, दार उघडं असलं तरी.