फोटोतले लाल डोळे घालवताना कुंकू कसं वाचवायचं

आमच्या घरच्या अल्बममध्ये बारशाचा एक फोटो आहे. पाळण्याशेजारी आजी बसलेली, मांडीवर बाळ आणि दोघांचेही डोळे निखाऱ्यासारखे लाल. रोलच्या कॅमेऱ्यानं रात्री फ्लॅश मारून काढलेला. मी तो स्कॅन करून दुरुस्त करायला घेतला. डोळे न निवडताच फिल्टर चालवला. डोळे काळे झाले खरे, पण आजीच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू राखाडी पडलं आणि साडीचे लाल काठही विटले. कॉम्प्युटरला लाल म्हणजे सगळं एकच, डोळा कुठला आणि कुंकू कुठलं हे आपणच दाखवावं लागतं.

हा लाल रंग येतो डोळ्याच्या आतून. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते. फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असला, की त्याचा प्रकाश बाहुलीतून सरळ आत जातो, मागच्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्यावर आदळतो आणि तोच लाल होऊन लेन्सकडे परततो. म्हणून दुरुस्ती फक्त बाहुलीची करायची, बुबुळाच्या तपकिरी कड्याला हात लावायचा नाही.

मी गिम्प हे फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर वापरतो. ते फुकट मिळतं आणि या कामाला पुरून उरतं. जुना फोटो असेल तर आधी ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. ४ बाय ६ इंचाच्या फोटोचे मग २४०० बाय ३६०० पिक्सेल होतात. ग्रुप फोटो कमी डीपीआयला स्कॅन केला, तर बाहुलीच्या जागी जेमतेम चार-पाच ठिपके उरतात आणि त्यात काही करता येत नाही. मूळ फाइल बाजूला ठेवून तिच्या कॉपीवरच काम करा.

कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवा आणि डोळा पडद्यावर चांगला रुपयाएवढा दिसेल इतकं झूम करा. एलिप्स सिलेक्ट टूल घेऊन एका बाहुलीभोवती गोल काढा. मग शिफ्ट दाबून धरा आणि दुसऱ्या बाहुलीभोवती काढा, म्हणजे पहिली निवड जात नाही. पापणीची कातडी आत येऊ देऊ नका, कारण तिच्यातही लाल असतो आणि तिथे मेल्यासारखा करडा डाग पडतो. यानंतर सिलेक्ट मेनूतून फेदर २-३ पिक्सेल द्या. कड मऊ होते आणि डोळा चिकटवल्यासारखा दिसत नाही.

आता फिल्टर्स मेनूतून एन्हान्स आणि त्यात रेड आय रिमूव्हल निवडा. किती लाल काढायचा ते ठरवणारी थ्रेशोल्डची पट्टी हळूहळू सरकवा. कडेला लाल रेघ उरली तर थोडी वाढवा, गेली की थांबा.

कधीकधी एवढ्यानं भागत नाही, बाहुली गुलाबी-करडी होऊन बसते. अशा वेळी मी कलर्स, कंपोनंट्स, चॅनल मिक्सर उघडतो. रेड चॅनलमध्ये, म्हणजे फोटोच्या लाल रंगाच्या थरात, लाल ० करायचा, हिरवा ०.५ आणि निळा ०.५. फ्लॅशनं खराब होतो तो मुख्यतः लाल चॅनल, हिरव्या-निळ्यात बाहुली बऱ्याचदा गडद आणि शाबूत असते. तिथलीच माहिती लालच्या जागी आणली, की डोळा आपोआप काळा होतो. मला ही पद्धत सगळ्यात आवडते, कारण डोळ्यातला तो पांढरा चमकता ठिपका तिच्यात टिकतो. काळा ब्रश फिरवून बाहुली रंगवली तर हाच ठिपका जातो आणि माणूस बाहुल्यासारखा निर्जीव दिसतो. त्या ठिपक्यातच जीव आहे, तो जपा.

फोटोशॉपमध्ये रेड आय टूल स्पॉट हीलिंग ब्रशच्या खाली दडलेलं असतं. बाहुलीवर क्लिक करा, फार काळं झालं तर डार्कन अमाउंट कमी करून पुन्हा करा.

झाल्यावर १०० टक्क्यांवर या आणि पूर्ण चेहरा पाहा. दोन्ही डोळे सारखे वाटले, की एक्स्पोर्ट ॲज करून वेगळ्या नावानं जेपेग काढा.

कुत्र्या-मांजरांचे डोळे हिरवे-पिवळे चमकतात. त्यांच्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा खास थर असतो. तिथे लाल काढणारं फिल्टर चालत नाही. बाहुली निवडून सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, पूर्ण खाली आणा आणि ब्राइटनेस उतरवा.

आणखी एक चमक आहे, तिला मात्र हात लावू नका. लहान मुलाच्या फ्लॅशच्या फोटोंत एका डोळ्यात लालऐवजी पांढरट चमक दिसत असेल, तर कधी ते नुसतं फोटोच्या कोनामुळे असतं, कधी मोतीबिंदूमुळे, तर कधी रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगामुळेही असू शकतं. असा फोटो दुरुस्त न करता तसाच ठेवा आणि मुलाला घेऊन लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, फोटोही सोबत न्या.