बहुविध बुद्धिमत्ता वर्गात वापरताय? या चुका टाळा

बुद्धी एकच नसते, ती सांगीतिक, भाषिक अशा अनेक प्रकारची असते, हा बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत. तो वर्गात वापरताना घोळ बहुधा पहिल्याच आठवड्यात होतो. प्रश्नावली भरून घेतली जाते आणि नावापुढे शिक्के बसतात: हा सांगीतिक, ती अवकाशीय (आकार आणि जागेची जाण असलेली). मग 'सांगीतिक' मुलाला आकृती काढायला कुणी सांगतच नाही. अशी प्रश्नावली फार तर आवड सांगते. क्षमता कळायची तर मूल काम करताना पाहावं लागतं. हा सिद्धांत मांडणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये सात बुद्धिमत्ता मांडल्या, पुढे निसर्गविषयक ही आठवी जोडली. त्या सगळ्या प्रत्येकात कमीअधिक असतात, असंच ते सांगतात. 'अध्ययनशैली' (प्रत्येक मुलाची शिकण्याची एक ठरावीक रीत असते, ही कल्पना) म्हणजे हा सिद्धांत नव्हे, हेही त्यांनीच स्पष्ट केलंय. शिक्के पुसा.

दुसरी खोड पाठाच्या टाचणातली. आठ रकाने आखायचे आणि प्रत्येकात काहीतरी कोंबायचं. गणितं सोडवताना मागे संगीत लावलं म्हणजे सांगीतिक बुद्धिमत्ता वापरली असं होत नाही. दोन-तीन वाटा पुरतात, पण त्या घटकातूनच निघायला हव्यात.

'मुलं रमली, पण चाचणीत काहीच आलं नाही' ही तक्रार मात्र नीट उकलून पाहावी. पाढ्याचं गाणं घ्या. मूल सुरात म्हणतं, पण सात आठे विचारलं की सात एकेपासून सुरुवात करतं. चालीने क्रम लक्षात राहिला, गुणाकार नाही. अपूर्णांकांचंही तेच. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, हे चुकीचं उत्तर नुसती कागदाची पट्टी रंगवून जात नाही. पट्टीचे सहा समान भाग करा. अर्ध्याचे तीन, तृतीयांशाचे दोन, मिळून पाच. आता लगेच, पट्टी समोर असतानाच, मुलाला ते अंकांत लिहू द्या आणि 'सहाच भाग का?' विचारा. उपक्रमाकडून चिन्हांकडे परत येण्याचा हा टप्पा घाईत गळतो, आणि परीक्षेत नेमकी चिन्हंच असतात.

मूल्यमापनात उलटी चूक दिसते. प्रकाशसंश्लेषणावर देखणं चित्र आलं की पूर्ण गुण! चित्रात कार्बन डायऑक्साइड आत जाताना आणि ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतोय का, ते बघा. रंगसंगतीला गुण द्यायचे तर चित्रकलेच्या तासाला द्या.

आणि पालकसभेत 'हा सिद्धांत सिद्ध झालाय' म्हणू नका. वेगवेगळ्या बौद्धिक चाचण्यांतले गुण बऱ्याचदा एकमेकांसोबत वर-खाली होतात. म्हणून या बुद्धिमत्ता खरंच स्वतंत्र आहेत का, यावर मानसशास्त्रज्ञांचा आक्षेप कायम आहे. 'एकच घटक दोन-तीन रीतींनी समजावतो' एवढं सांगितलं तरी पुरे.