हॉल बुक करताय? आधी मागचं दार बघून या

लग्न असूदे, शिवजयंतीचं व्याख्यान असूदे नाहीतर शाळेचं गॅदरिंग, बेळगाव, खानापूर, निपाणीकडं आता सगळं हॉलमध्येच असतंय आणि हॉल बघायला गेलं की आपण पार्किंग किती, जनरेटर आहे का, ताटाचा रेट काय एवढंच विचारतोय. त्याआधी मॅनेजरला घेऊन मागच्या जिन्यापर्यंत चालत जावा. बऱ्याच ठिकाणी तिथं ओढायचं ग्रील, ग्रीलला कुलूप आणि आत मोडक्या खुर्च्या नि डेकोरेशनचे थर्माकोलचे खांब रचलेले दिसतील. किल्ली आमच्या पोराकडं असते म्हणून सांगतील, पण धूर झाल्यावर त्या पोराला शोधणार कोण? कार्यक्रम संपेपर्यंत कुलूप काढूनच ठेवायचं, हे बुकिंगच्या पावतीवर लिहून घ्या.

हरियाणातल्या डबवालीत 23 डिसेंबर 1995 ला मंगल कार्यालयाच्या आवारात शाळेचा कार्यक्रम चालू होता, वरचं सिंथेटिक कापड पेटलं, बाहेर पडायला वाट एकच, चारशेच्या वर माणसं गेली आणि त्यात कितीतरी लहान पोरं. म्हणून दाराचा विषय मी पहिला घेतोय, बाकीचं नंतर.

माणसं किती मावतात ते मॅनेजरच्या तोंडून ऐकून सोडू नका, स्वतः हिशोब करा. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 प्रमाणं सुट्या खुर्च्या मांडलेल्या हॉलला माणशी 0.65 चौरस मीटर आणि टेबल-खुर्च्यांच्या जेवणाच्या हॉलला 1.8 चौरस मीटर धरतात. म्हणजे 40 बाय 60 फुटाचा हॉल असला तर खुर्च्यांवर साधारण 340 माणसं आणि जेवायला 125 च्या आसपास. हजार पत्रिका वाटायच्या असतील तर हा हॉल आपला नव्हे. अशा हॉलचं बाहेर पडायचं दार निदान 2 मीटर रुंद आणि बाहेरच्या बाजूला उघडणारं पाहिजे. आपल्याकडं अक्षता पडल्या पडल्या सगळं वऱ्हाड एकदम उठून खाली जेवणाकडं सुटतंय, म्हातारी माणसं, कडेवर पोरं, आणि जिन्यात तेवढ्यात चपलांचा ढीग, तर चपला आणि बुटांचा स्टँड जिन्यापासून लांब ठेवायला लावा, आणि वर दोन कार्यकर्ते उभे करून माणसं थोडी थोडी सोडा.

आता कागदं. हॉलवाल्याकडं ट्रेड लायसन्स आणि अग्निशामक दलाची एनओसी (ना-हरकत दाखला) मागा, झेरॉक्स घ्या, तारीख संपली नाही ना बघा. आपल्याकडनं पोलीस स्टेशनला गर्दीचा आणि माइकचा अर्ज, रस्त्यावर मंडप येणार असला तर महानगरपालिका नाहीतर ग्रामपंचायतीची परवानगी, जादा लायटिंग असेल तर हेस्कॉमकडं, म्हणजे वीज कंपनीकडं, तात्पुरतं कनेक्शन. पंधरा दिवस आधी अर्ज द्या, शिक्क्याची पोच घ्या. अर्ज कन्नडात टाईप करून नेला तर काम लवकर होतंय. परवानगीचं पत्रही कन्नडात येतंय आणि बहुतेक ते सेक्रेटरीच्या फाइलला लागतंय, पण त्यातल्या अटी पाळायच्या आहेत दारावर उभ्या राहणाऱ्या पोरांना, म्हणून कन्नड वाचणाऱ्याला बसवून एकेक अट मराठीत सगळ्या कमिटीला वाचून दाखवा. हे मी कळकळीनं सांगतोय. स्पीकर रात्री 10 ते सकाळी 6 बाहेर वाजवता येत नाही, दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवती सरकारनं शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असलं तर तिथं दिवसासुद्धा नाही.

लायटिंगवाला एकाच बोर्डावर हॅलोजन, कूलर, साउंड सगळं चढवतोय, तर हॉलच्या वायरमनला समोर उभा करून लोड वाटून घ्या, वायरीला उघडा जोड नको, पडद्याला हॅलोजन टेकायला नको. गॅसच्या शेगड्या हॉलच्या बाहेर मोकळ्यावर. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा आणि पिन कशी ओढायची ते चार पोरांना हातात देऊन शिकवा.

कार्यक्रमादिवशी गेटपासून हॉलच्या दारापर्यंत बंब आत येईल एवढी वाट मोकळी पाहिजे, पाहुण्यांची गाडी असली तरी तिथं लावू द्यायची नाही. 112 वर कोण फोन करणार ते नाव आधीच ठरवा आणि त्याला हॉलचा पूर्ण पत्ता, जवळची खूण, कुठल्या बाजूचं गेट, हे चिठ्ठीवर लिहून खिशात द्या.